उलट्या बाजूचे बंद

मित्रांनो, काचेला नाक टेकवून तुम्ही माझ्याकडे पाहता, तेव्हा खरे तर मला आनंद व्हायला हवा. मला मात्र कुठे तोंड लपवू असे होते. मी एक जुना खाका, म्हणजे चित्राची रेषा कागदावर उतरवायचा साचा आहे. हरणाच्या पातळ कातड्याचा, वीतभर उंचीचा, कडांना पिवळा पडलेला. उजेडासमोर धरलेत तर माझ्या अंगावर बारीक भोकांनी काढलेला एक माणूस दिसेल. डोक्यावर पगडी, अंगात जामा, कमरेला कमरबंद आणि हातात एक फूल. ज्या मुक्या जिवाचे हे कातडे होते, त्याची क्षमा मागूनच मी सुरुवात करतो. क्षमा आणखीही काही जणांची मागायची आहे. ती ओघात येईलच.

मला बाबांनी घडवले. बाबा म्हणजे एका लहानशा चित्रशाळेतले थोरले चित्रकार. चित्रशाळा कसली, घरातलीच पुढची खोली. उत्तरेकडे मोठी खिडकी, खाली सतरंजी, सतरंजीवर तीन उतरत्या फळ्या आणि भोवती रंगांचे शिंपले. मुघल बादशहांच्या काळात लहान लहान चित्रे काढून, रुंद कडेच्या जाड कागदावर डकवून त्यांची वही बांधत. तिला मुरक्का म्हणत. ती चित्रे भिंतीवर टांगायची नसत, मांडीवर घेऊन पाहायची असत. म्हणून त्यांत सगळे बारीक. पगडीतला मोती मोहरीपेक्षा लहान आणि कमरबंदाच्या पदरावरचे फूल मुंगीएवढे. बाबांच्या घरी त्याच रीतीने चित्रे काढत.

तशा एका जुन्या वहीतले एकच पान शहराच्या संग्रहालयात राहिले होते. त्यावर एक तरुण सरदार उभा होता. बाबांना ते पान उतरवून घ्यायची परवानगी मिळाली. पानावर काच ठेवली, काचेवर मला पसरले आणि श्वास रोखून त्यांनी रेषा उतरवली. मग घरी येऊन सात दिवस ते त्या रेषेवरून सुईने टोचत राहिले. मला वेदना झाल्या का, असे विचाराल, तर आठवत नाही. बाबांचा हात फार हलका होता एवढे आठवते.

माझे काम साधे होते. मला कोऱ्या कागदावर पसरायचे, कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून थोपटायची आणि मला अलगद उचलायचे. खाली ठिपक्यांचा सरदार उभा राहिलेला असे. ठिपके जोडत कुंचल्याने तपकिरी रेषा ओढायची, भुकटी फुंकून टाकायची आणि मग रंग भरायचे.

माझ्या अंगावर सर्वांत नाजूक काही असेल, तर ते जाम्याचे बंद. जामा म्हणजे घेरदार, पातळ अंगरखा. त्याचा पदर छातीवरून आडवा येई आणि काखेखाली बंदांनी बांधला जाई. ते पाच बंद टोचताना बाबांनी घरातली सर्वांत बारीक सुई घेतली होती. एकेक बंद वाऱ्याने हलल्यासारखा. पाहणारा पाहुणा म्हणे, "चेहरा राहू द्या हो, हे बंद बघा बंद!" मित्रांनो, हे दहादा ऐकल्यावर माझ्या डोक्यात हवा गेली. आपण जे आहोत ते या बंदांमुळे, असे मला वाटू लागले.

आता घरातला एक नियम सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावरून घडले. मुरक्का उघडला की समोरासमोरच्या पानांवरची माणसे एकमेकांकडे पाहत असत. म्हणून दुसऱ्या पानासाठी मला पालथे घालत. भोके दोन्ही बाजूंनी सारखीच, त्यामुळे उजवीकडे पाहणारा सरदार डावीकडे पाहू लागे. पण माणूस वळला म्हणून त्याच्या कपड्यांची बाजू बदलत नाही. तुम्ही आरशात पाहिलेत की खिसा भलत्याच बाजूला दिसतो ना, तशी गफलत होते. त्या काळच्या दरबारात एका श्रद्धेचे लोक जाम्याचे बंद उजव्या काखेखाली बांधत आणि दुसऱ्या श्रद्धेचे डाव्या, असे जाणकार सांगतात. बंद चुकले की माणूसच दुसरा होतो.

म्हणून बाबा सांगत, "खाका पालथा घातलात की आधी छातीवर ठिगळ." ठिगळ म्हणजे कागदाचा अंगठ्याएवढा तुकडा. तो खळीने माझ्या छातीवर चिकटवायचा, म्हणजे तिथून भुकटी खाली उतरत नाही. मग ते बंद खऱ्या बाजूला हाताने काढायचे. "मी विसरलो तर मलाही ओरडा," असे ते वर हसून म्हणत.

मला ते ठिगळ मुळीच आवडत नसे. माझ्या अंगावर जे सर्वांत सुंदर, तेच झाकायचे! पालथे पडून, छातीवर खळीचा ओला तुकडा घेऊन मी मनातल्या मनात धुमसत असे.

बाबा गेल्यावर चित्रशाळा दादा आणि आत्या यांच्याकडे आली. दादा म्हणजे बाबांचा मुलगा. रेषा आणि चेहरे त्यांचे. आत्या त्यांची धाकटी बहीण. घरातली मुले तिला आत्या म्हणत, म्हणून मीही म्हणतो. वस्त्रे आणि दागिने तिचे. पन्नाशी उलटली तरी दादा तिला 'छकुली' म्हणूनच हाक मारत, आणि तीही निमूटपणे ओ देई. तिने लग्न केले नाही. का केले नाही, हे कुणी सांगत नसे आणि ती स्वतः तर नाहीच नाही. काम सुरू करण्याआधी ती क्षणभर डोळे मिटून बसे, मग खारीच्या केसांचा कुंचला ओठांशी नेऊन त्याला टोक काढी.

तिचे काम पाहून मी सगळा रुसवा विसरून जाई. मलमलीचा जामा ती कसा काढी ठाऊक आहे? आधी पायजमा आणि अंगाचा रंग पूर्ण करायचा. मग त्यावरून पाण्यासारखा पातळ पांढरा फिरवायचा. तो वाळला की कागद पालथा करून मागून गुळगुळीत दगडाने घोटायचा. पुन्हा पातळ पांढरा, पुन्हा घोटणे. शेवटी फक्त चुण्यांच्या कडांना केसाएवढी पांढरी रेघ. मग पायजमा आतून असा दिसे, की खिडकीतून वारा आला तर जामा हलेल असे वाटे. मोत्यासाठी ती दाट पांढऱ्याचा एक थेंब उभा सोडी. सोन्याच्या शिरपेचावर सुईने इवले इवले खळगे करी, म्हणजे पान हलवले की सोने लुकलुकते.

एकदा दादांची बायको, वहिनी, चहाचा कप घेऊन किती वेळ तशीच उभी राहिली.

"वन्सं, हा तिसरा कप. पहिले दोन मीच प्यायले."

"ठेव ना गं, घेते."

"ठेवू कुठं? सरदाराच्या पायजम्यावर? त्याच्याकडे जेवढं बघता, त्याच्या निम्मं आरशात बघा कधी. केसांना पांढरा रंग लागलाय."

"तो रंग नाहीये वहिनी," आत्या मान वर न करता म्हणाली, "ते केसच आहेत."

दोघी इतक्या हसल्या, की आत्याला कुंचला बाजूला ठेवावा लागला.

चित्र पुरे झाले की कोपऱ्यात सही मात्र दादांची होई. बाबांच्या वेळी बाबांची होत असे, त्यामुळे यात वावगे आहे असे कुणाला वाटले नाही. तीस वर्षे आत्याने सरदारांना नटवले आणि तीस वर्षांत तिचे नाव एकाही कागदावर उमटले नाही.

मग एक दिवस संग्रहालयाच्या मॅडम घरी आल्या. उंच, चष्मा गळ्यात अडकवलेला, बोलणे तुटक पण गोड. संग्रहालयात तो सरदार अजून एकटाच होता. त्याच्या समोरचे पान कधीच हरवले होते, पण जुन्या यादीत त्याची नोंद सापडली होती. हरवलेल्या पानावर सरदाराचा धाकटा भाऊ होता. तसाच पोशाख, तसेच फूल, तोंड थोरल्याकडे. मॅडमना नव्या प्रदर्शनात दोघे भाऊ समोरासमोर लावायचे होते, एक जुना, एक आज काढलेला.

"हे काम तुमच्याच घरात होईल," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे खाका आहे ना?"

दादांनी मला फडक्यातून काढून दाखवले. मी ताठ झालो. मॅडम मला खिडकीशी धरून म्हणाल्या, "अहाहा, काय बंद आहेत!" ती हवा डोक्यात होतीच, ती आणखी चढली.

जाता जाता त्यांनी वही काढली. "पाटीसाठी नावं हवीत. रेषा आणि चेहरा तुमचा. वस्त्रं आणि अलंकार कुणाचे?"

दादा म्हणाले, "आमच्याकडे सगळं घरचंच..."

"कपडे मी करते," आत्या म्हणाली. इतक्या हळू, की मॅडमना पुन्हा विचारावे लागले.

"मग तुमचं नाव लिहून द्या. पूर्ण."

मित्रांनो, जो हात केसाएवढी रेघ न थरथरता ओढतो, त्या हाताला स्वतःचे नाव नीट लिहिता येईना. पहिला कागद चुकला. दुसऱ्यावर शाई फुटली. तिसऱ्यावर ते नीट उमटले. मॅडम गेल्यावर तिने ते चुकलेले दोन कागद टाकले नाहीत, घडी घालून रंगांच्या पेटीत ठेवले.

आता माझ्या लाजेची गोष्ट येते.

त्या दिवशी हवा फार कोरडी होती. दादांनी मला पालथे घातले आणि छातीवर ठिगळ लावले. त्यांनी ते लावले, हे मी शपथेवर सांगतो. पण खळ कालची होती. पुरचुंडी हातात घेतली आणि त्यांचा फोन वाजला. कुणीतरी जुने ओळखीचे असावे. दादांनी फोन कान आणि खांदा यांच्यात धरला आणि थोपटायला लागले.

"हो हो, संग्रहालयाचंच! नाही नाही, मीच करतोय सगळं, अगदी पहिल्या रेषेपासून..."

कोरड्या हवेने माझे कातडे आकसत होते. छातीपाशी मी किंचित उचललो गेलो आणि ठिगळाची एक कड सुटली. मग दुसरी. ते घसरून फळीच्या काठावरून खाली, मागच्या बाजूला गेले आणि उरल्यासुरल्या खळीने फळीला मागून चिकटून बसले. दादांचे लक्ष नव्हते. माझे होते. आणि मला काय वाटले सांगू? भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला. 'आज माझे बंद कागदावर उतरणार' एवढेच माझ्या मनात आले. पुरचुंडी छातीवर आली तेव्हा मी एकही भोक बुजू दिले नाही. पाचही बंद कागदावर लख्ख उमटले. भलत्या बाजूला.

दादांनी बोलता बोलताच मला उचलले, बोलता बोलताच रेषा जोडली आणि भुकटी फुंकली.

दोन दिवसांनी चेहरा झाला आणि कागद आत्याकडे गेला. तिने तो फळीवर ठेवला, डोळे मिटले, उघडले आणि बराच वेळ नुसती पाहत राहिली.

"दादा, बंद इकडे कसे आले रे?"

"कुठे?"

"हे बघ. या बाजूला."

"खाका बाबांचा आहे, छकुली. आता बाबा चुकले म्हणतेस का?"

"तसं नाही. ठिगळ लावलं होतंस ना?"

"लावलं होतं गं! या हातांनी लावलं. तू रंग भर, दिवस थोडे राहिलेत."

ते खोटे बोलत नव्हते. तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिले, मग कागदाकडे पाहिले आणि पांढरा रंग खलायला घेतला. मी फडक्यावर उघडाच, दोन हातांवर पडून होतो. त्या क्षणी माझा सगळा ताठा उतरला. मी ओरडलो. 'आत्या, थांब! विश्वास ठेवू नकोस!' पण माझे बोलणे मोठ्या माणसांना ऐकू जात नाही.

चोवीस दिवस ती त्या चित्रावर बसली. तितके सुंदर काम तिने आधी कधी केले नव्हते. जाम्याखालून गर्द गुलाबी पायजमा असा दिसत होता, जसा पहाटेच्या धुक्यातून उजेड. कमरबंदाच्या दोन्ही पदरांवर एकेक फुलझाड, प्रत्येक पाकळीला वेगळी छटा. गळ्यात मोत्यांचे दोन सर, मध्ये हिरवा खडा. चित्राभोवतालच्या रुंद कडेवर सोन्याची रोपटी, त्यांची पानेही वाऱ्याने वाकलेली. आणि छातीवर ते पाच बंद. तिने त्यांना सोनेरी टोके दिली. मी पाहत होतो आणि जळत होतो.

उद्घाटनाला सहा दिवस असताना दादा आणि आत्या चित्र घेऊन संग्रहालयात गेले. मलाही नेले, कारण मॅडमना मूळ पानाशी ताडून पाहायचे होते. मॅडमनी जुने पान आणि नवे पान समोरासमोर ठेवले. चष्मा लावला. "किती सुंदर," त्या म्हणाल्या. आत्याच्या चेहऱ्यावर हसू फुटायला लागले होते, तेवढ्यात मॅडम पुढे वाकल्या.

"बंद."

त्यांचे बोट जुन्या पानावरून नव्या पानाकडे गेले.

"एका आईची दोन मुलं," मॅडम हळूच म्हणाल्या, "आणि बंद दोन बाजूंना? हा तर थोरल्याचा भाऊच राहिला नाही हो."

दादांनी चित्र पाहिले. त्यांचे कान लाल झाले. मग त्यांच्या तोंडून पटकन निघून गेले, "कपड्यांचं काम हिचं आहे."

तीस वर्षांत ते वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारले. आणि उच्चारले ते असे.

आत्याने दादांकडे पाहिलेसुद्धा नाही. ती मॅडमना म्हणाली, "माझंच बघायचं राहिलं."

"दुरुस्त होईल?"

"नाही. मलमलीवर पुन्हा रंग बसत नाही. खरडलं तर खालचं सगळं जातं. नवंच करावं लागेल."

"सहा दिवसांत?"

आत्याने नाही म्हणून मान हलवली. मॅडमनी नावाच्या पाटीचा कागद उचलला आणि टेबलाच्या खणात ठेवला. खण बंद होतानाचा आवाज मला अजून ऐकू येतो. माझ्या पाच बंदांच्या मिरवण्यापायी त्या बाईचे नाव खणात गेले.

घरी आल्यावर आत्याने शिंपले धुतले, कुंचले पुसले आणि वहिनीला भाजी चिरू लागली. कुणी विचारले तर म्हणे, "चुकलं माझं." दादा अंगणात फेऱ्या मारत होते.

दुसऱ्या दिवशी वहिनीने फळ्या पुसायला काढल्या. दादांची फळी उलटी केली आणि तिचा हात थांबला.

"अहो, हे काय चिकटलंय तुमच्या फळीला?"

ते ठिगळ होते. वरच्या अंगाला कोळशाचा जरासा करडा हात. दादांनी ते नखाने सोडवले, तळहातावर ठेवले आणि खाली बसले. आत्याही दारात येऊन उभी राहिली होती. तिला सगळे एका नजरेत कळले.

"जाऊ दे दादा. झालं ते झालं."

पण वहिनीने काही जाऊ दिले नाही. "बरं आहे हो तुमचं! तीस वर्षं वन्संनी काढले ते कपडे तुमचे, आणि एकदा चुकले तर लगेच वन्संचे?"

"मला काय माहीत, ते पडलं म्हणून!"

"आता झालंय ना माहीत?"

दादा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला आणि त्या ठिगळाला एका पाकिटात घालून ते संग्रहालयात निघाले. फाटकापर्यंत गेले, पाच मिनिटे उभे राहिले आणि परत आले. वहिनीला सांगितले, "मॅडम बैठकीत होत्या." तिसऱ्या दिवशीही तसेच. फाटकावरचा रखवालदार म्हणाला, "काका, आत जायचंय की आमच्याकडं नुसती हवा खायला येता?" दादा कसनुसे हसले. मी त्यांच्या काखेत होतो. त्यांनी मला आणखी घट्ट दाबले आणि ते घराकडे वळले. मला त्यांचा राग आला नाही. कसा येणार? ज्या तोंडाने ते 'मीच करतोय सगळं' म्हणाले, त्या तोंडात आणि माझ्या ताठ्यात फरक तो काय?

चौथ्या दिवशी ते रखवालदाराकडे न पाहता सरळ आत गेले.

मॅडम भिंतीवर खिळ्यांच्या खुणा करून घेत होत्या. दादांनी मला टेबलावर ठेवले. माझ्या शेजारी ते ठिगळ.

"हे इथं असायला हवं होतं," त्यांनी माझ्या छातीवर बोट ठेवले. "मी लावलं होतं, पण ते पडलं. मी फोनवर बोलत होतो. रेषा मी दिली. तिनं मला विचारलं होतं, बंद इकडे कसे म्हणून. मी तिला गप्प केलं."

मॅडमनी चष्मा काढला. "हे त्या दिवशी का नाही बोललात?"

"त्या दिवशी कळलं नव्हतं." दादा जमिनीकडे पाहत म्हणाले, "कळलं असतं, तरी बोललो नसतो बहुतेक."

मॅडम बराच वेळ ठिगळ उलटसुलट करून पाहत राहिल्या. मग त्यांनी आतून चित्र मागवले.

"खोटा भाऊ मला खरा म्हणून लावता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण ही मलमल तळघरात ठेवायलाही माझं मन होत नाही. चूक लिहून चित्र लावू या. खाका आणि ठिगळ शेजारी ठेवू. पान कसं घडतं आणि कुठं बिघडतं, ते लोकांनाही कळू दे."

"चालेल. कपड्यांखाली तिचं नाव लिहा," दादा म्हणाले. "आणि चुकीखाली माझं."

असा मी या काचेच्या पेटीत आलो. वर भिंतीवर दोघे भाऊ आहेत, खाली मी, माझ्या शेजारी ठिगळ. ज्याचा मी इतकी वर्षे राग केला, तेच आता माझा कायमचा शेजारी आहे. आम्ही फारसे बोलत नाही. मला त्याच्याकडे पाहवत नाही.

उद्घाटनाला आत्या आली. नवी साडी नव्हती, पण केस नीट बांधले होते. वहिनीने तिला हाताला धरून पाटीपाशी ओढले. "वाचा. मोठ्यानं वाचा." आत्याने वाचले, पण मनात. तिचे बोट हवेतच अक्षरांवरून फिरत गेले, आई-वडिलांनी ठेवलेल्या, घरात कुणीच तोंडात न घेतलेल्या तिच्या नावावरून. नाव संपले तिथे बोट थोडे थांबले. मग तिने नजर वर करून चित्राकडे पाहिले आणि मला वाटले होते तसे हसू तिच्या तोंडावर आले नाही.

"नाव बरोबर आहे," ती म्हणाली. "बंद चुकलेत."

मॅडम म्हणाल्या, "पाटी न वाचता कुणाच्या लक्षातही येणार नाही."

"माझ्या येतं ना," आत्या म्हणाली. "मी दुसरं काढायला घेतलंय. ते झालं की हे उतरवा."

दादा मागे उभे होते. "खाका तर इथं ठेवलाय, छकुली. कशावरून काढणार?"

"हातानं. रेषाही मीच देते या वेळी." तिने वळून त्यांच्याकडे पाहिले. "चेहरा तू कर. फोन घरात ठेवून."

दादांनी मान डोलावली. त्यानंतर त्यांनी तिला हाक मारली ती नावाने. जरा अडखळतच. सवय नव्हती ना.

मित्रांनो, ते दुसरे चित्र अजून व्हायचे आहे. तोवर येणारे-जाणारे माझ्यावर वाकतात आणि म्हणतात, "केवढी बारीक भोकं! काय सुंदर बंद!" पूर्वी हेच ऐकून मी फुगत असे. आता ते पाच बंद काढून टाकता आले असते तर बरे, असे वाटते.

तुम्ही मुले इथे येता तेव्हा चेहरे पाहून पुढे पळता. थोडे थांबत जा. नजर खाली आणा. पगडीतला मोती पाहा, मलमलीतून दिसणारा पायजमा पाहा, कमरबंदावरच्या मुंगीएवढ्या फुलाच्या पाकळ्या मोजा आणि हे कुणी केले असेल, असे विचारा. पाटी पहिल्या नावावर सोडू नका, शेवटपर्यंत वाचा. दुसऱ्या ओळीतले नाव मी इथे सांगणार नाही. ते तुम्हीच येऊन मोठ्याने वाचा. एवढे केलेत तरी माझ्या अंगावरचा थोडा भार उतरेल.

आणि कधी तुमच्या हातून काही चुकले, आणि त्यासाठी दुसरेच कुणी मान खाली घालून उभे राहिलेले दिसले, तर लगेच पुढे व्हा. मीही त्या चोवीस दिवसांत शंभरदा कबुली दिली, पण ती कुणालाच ऐकू गेली नाही. तुमची ऐकू जाईल.